निरोप जातो, उत्तर येत नाही

नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पचे नाव दूरवर गेले ते दोन गोष्टींमुळे: तोफखाना आणि हवा. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी इथे लष्करी तळ उभारला आणि पुढे मुंबईच्या पारशी व गुजराती कुटुंबांनी इथल्या कोरड्या हवेसाठी बंगले आणि सॅनेटोरियम बांधली. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली सापडेपर्यंत क्षयावर खात्रीचे औषधच नव्हते. स्वच्छ हवा, सकस जेवण आणि सक्तीची विश्रांती एवढाच उपचार असे, म्हणून क्षयाच्या रुग्णाला महिनोन्‌महिने अशा हवेच्या ठिकाणी ठेवत. औषधे आल्यावर प्रश्न उभा राहिला की रुग्णाला घरीच ठेवून बरे करता येईल का. त्याचे उत्तर भारतानेच जगाला दिले. १९५६ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले की दाटीवाटीच्या गरीब वस्तीत घरी राहून औषधे घेणारे रुग्ण सॅनेटोरियममधल्या रुग्णांइतकेच बरे होतात. या निष्कर्षाने लाखो गरिबांचे भले झाले. मात्र त्यातून एक नवी अडचण जन्माला आली आणि तिच्याकडे आपण अजून पुरेसे पाहिलेले नाही. सॅनेटोरियममध्ये रुग्ण रोज डॉक्टरांच्या आणि परिचारिकेच्या नजरेसमोर असे. गोळी घशाखाली उतरली की नाही, उलटी झाली का, मन खचले का, हे कोणी ना कोणी पाहत असे. रुग्ण घरी गेला आणि ही नजर सुटली. दोन भेटींच्या मधल्या दिवसांत त्याचे काय होते, हे दवाखान्याला कळेनासे झाले.

आज ही स्थिती एकट्या क्षयाची राहिलेली नाही. मधुमेह, रक्तदाब, दमा, गरोदरपण, मानसिक आजार, शस्त्रक्रियेनंतरची काळजी, या साऱ्यांत उपचाराचा मोठा भाग घरी होतो आणि दवाखान्याचा वाटा महिन्यातून काही मिनिटांपुरता उरतो. या मधल्या दिवसांत संवाद ठेवायचा, तर मोबाइलइतके स्वस्त आणि सर्वत्र पोचलेले दुसरे साधन नाही, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. वाद आहे तो ते कसे वापरायचे याचा. गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपण हे साधन बहुतेक वेळा निरोप पाठवण्यासाठी वापरले. तारखेची आठवण, गोळीची आठवण, आहाराचा सल्ला, अॅपवरची सूचना. रुग्ण उलट काही सांगू शकेल आणि ते ऐकायला कोणीतरी बसलेले असेल, याची व्यवस्था मात्र क्वचितच केली. माझे म्हणणे असे, की संदेश किती गेले यावर आरोग्यसंवाद सुधारत नाही. रुग्णाचे उत्तर परत आणणे आणि त्या उत्तरावर माणसाने काही करणे, हीच डिजिटल साधनांची खरी किंमत आहे. याला पुरावा आहे, आणि तो बऱ्यापैकी भक्कम आहे.

आधी दवाखान्याच्या खोलीत काय घडते ते पाहू, कारण फोन येतो तो त्यानंतर. प्राथमिक उपचारात डॉक्टर एका रुग्णाला किती वेळ देतात, याचा जगभरातील अभ्यासांचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये तो साडेबावीस मिनिटे निघाला, बांगलादेशात ४८ सेकंद आणि भारतात सुमारे दोन मिनिटे. दोन मिनिटांत तक्रार ऐकायची, तपासायचे, औषध लिहायचे आणि समजावायचे. त्यातले समजावणे सर्वांत आधी गळते. जे समजावले जाते, तेही टिकत नाही. रुग्णाला सांगितलेल्या वैद्यकीय माहितीपैकी ४० ते ८० टक्के तो लगेच विसरतो, असे या विषयावरच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या रॉय केसेल्स यांनी २००३ मध्ये नोंदवले. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये मधुमेहाच्या रुग्णांच्या भेटी ध्वनिमुद्रित करून तपासल्या गेल्या. नवी गोष्ट सांगितल्यावर रुग्णाला ती खरोखर कळली का, हे डॉक्टरांनी पाचपैकी एकाच भेटीत विचारून पाहिले होते. ज्यांना विचारले गेले, त्यांची साखर ताब्यात असण्याचे प्रमाण जास्त होते. ‘आता तुम्ही घरी जाऊन काय करणार, ते मला सांगा’ एवढा एक प्रश्न, त्याला यंत्र लागत नाही. यंत्राची चर्चा करण्यापूर्वी हे मनात पक्के असावे, कारण चांगला डिजिटल संवाद हा याच प्रश्नाचा दूरवर पोचलेला अवतार असतो आणि वाईट डिजिटल संवादात हा प्रश्नच नसतो.

देवळाली कॅम्पसारख्या ठिकाणी ही गरज अधिकच तीव्र होते. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या सुमारे ५४ हजार होती. नागरी वस्तीसाठी कॅन्टोन्मेंट बोर्डाचे रुग्णालय, जवानांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी लष्करी रुग्णालय. जास्त काही झाले की नाशिकरोडचे बिटको किंवा नाशिकचे सिव्हिल रुग्णालय. भगूर, लहवित, संसरी, नानेगाव, बेलतगव्हाण ही गावे भोवताली. म्हणजे एकाच रुग्णाचा रक्तदाब एका ठिकाणी मोजला जातो, रक्ततपासणी दुसरीकडे होते, औषध बदलते ते तिसरीकडे, आणि या तिन्ही ठिकाणांमधला एकमेव दुवा म्हणजे रुग्णाच्या हातातली प्लास्टिकची पिशवी. त्यात भाषांची सरमिसळ. मराठी, हिंदी, गुजराती, फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची सिंधी, आणि तोफखान्यात देशभरातून आलेल्या जवानांच्या घरांतल्या पंजाबीपासून तमिळपर्यंत अनेक. जवानाची दोन-तीन वर्षांनी बदली होते. त्याची पत्नी गरोदरपणाची पहिली तपासणी इथे करून घेते आणि बाळंतपणाला माहेरी जाते. अशा वस्तीत ‘पुढच्या वेळी सांगू’ हे वाक्य फार महाग पडते, कारण पुढची वेळ याच डॉक्टरांसमोर येईल याची खात्री नसते.

सरकारने या बाबतीत काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १६ फेब्रुवारी २०२१ रोजी संरक्षण मंत्रालयाने ई-छावणी हे पोर्टल सुरू केले. त्यावेळच्या ६२ कॅन्टोन्मेंटमधल्या सुमारे वीस लाख रहिवाशांना तक्रारी, परवाने, भाडेपट्ट्याचे नूतनीकरण अशी कामे घरबसल्या करता यावीत हा त्याचा हेतू. त्याच वर्षी २७ मे रोजी आजी-माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी ‘सेहत ओपीडी’ ही व्हिडिओ सल्ल्याची सेवा आली. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर लागू झाले आणि प्रत्येकाला १४ अंकी आभा क्रमांक मिळण्याची सोय झाली. पुढच्या वर्षापासून मोठ्या रुग्णालयांत दारावरचा क्यूआर कोड स्कॅन करून केसपेपर काढता येऊ लागला. खिडकीसमोरची रांग कमी झाली, हा दिलासा खरा आहे आणि तासभर उभे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाला त्याचे मोल विचारावे. पण रांग संपल्यावर येणारी दोन मिनिटे तेवढीच राहिली. या साधनांपैकी बहुतेकांनी संस्थेचे काम सोपे केले: नोंद, टोकन, हिशेब, साठवण. आभा क्रमांकामुळे जुने रिपोर्ट रुग्णाच्या संमतीने एका रुग्णालयातून दुसऱ्यात पोचू शकतात. देवळालीहून बदली होऊन जाणाऱ्या कुटुंबासाठी तर ही फार उपयोगाची गोष्ट आहे. परंतु रिपोर्ट पोचणे आणि रुग्णाला त्या रिपोर्टचा अर्थ कळणे यांत जे अंतर आहे, ते कोणत्याही क्रमांकाने भरून निघत नाही.

आता पुराव्याकडे येऊ. केनियातील तीन दवाखान्यांत २००७ ते २००८ या काळात एचआयव्हीचे औषध नव्याने सुरू झालेल्या ५३८ रुग्णांवर एक प्रयोग झाला. निम्म्या रुग्णांना दर आठवड्याला दवाखान्यातून एक एसएमएस जाई. त्यात औषधाचा उल्लेखही नसे, फक्त ‘कसं काय?’ एवढेच विचारलेले असे. रुग्णाने ४८ तासांत ‘ठीक आहे’ किंवा ‘अडचण आहे’ असे कळवायचे. अडचण आहे म्हणणाऱ्याला आणि काहीच न कळवणाऱ्याला परिचारिका स्वतः फोन करी. वर्षभराने पाहिले तर नियमित औषध घेणाऱ्यांचे प्रमाण या गटात ६२ टक्के होते, आणि ज्यांना असा निरोप जात नव्हता त्यांच्यात ५० टक्के. रक्तातल्या विषाणूंवरही नियंत्रण अधिक मिळाले. याच आजाराचा, याच साधनाचा दुसरा प्रयोग दक्षिण भारतात झाला आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ६३१ रुग्णांपैकी निम्म्यांना दर आठवड्याला ध्वनिमुद्रित आवाजातला आपोआप लागणारा कॉल आणि सोबत एक चित्रसंदेश जाई. जवळपास दोन वर्षे हे चालले. उपचार निष्फळ ठरण्याच्या प्रमाणात काहीही फरक पडला नाही. दोन देश वेगळे, मोजमापे वेगळी, दवाखान्यांची घडी वेगळी, म्हणून या दोन प्रयोगांची सरळ तुलना करणे बरोबर नाही. एवढ्यावरूनच निष्कर्ष काढला तर तो उतावळेपणा होईल. म्हणून तिसरा पुरावा महत्त्वाचा आहे. औषधे नियमित घेण्यासाठी एसएमएस वापरणाऱ्या आठ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण २०१५ मध्ये झाले, त्यांतले रुग्ण दोन हजारांच्या आसपास. रुग्णाकडून उत्तर मागणाऱ्या निरोपांनी औषध नियमित घेण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी वाढले होते. नुसत्या एकतर्फी निरोपांचा परिणाम मात्र इतका किरकोळ होता की तो योगायोगाचाही असू शकला असता.

असे का व्हावे, याचा विचार केला तर आश्चर्य उरत नाही. गोळी चुकते ती बहुतेक वेळा विसरल्यामुळे नाही. गोळीने मळमळते, पण हे डॉक्टरांना सांगावे की नाही कळत नाही. दवाखान्यात औषध संपलेले असते आणि मेडिकलमधून आणायला पैसे नसतात. बीपी मोजले तर बरोबर येते, मग गोळी कशाला, असे शेजारी म्हणतात आणि ते पटते. उपवास असतो. इन्सुलिनची बाटली ठेवायला फ्रिज नसतो. शेतात कामाचे दिवस असतात आणि लघवी वाढवणारी गोळी घेतली तर सारखे उठावे लागते. या प्रत्येक कारणाला वेगळा उपाय आहे: गोळीची वेळ बदलणे, मात्रा कमी करणे, दुसरे औषध, थोडे धीराचे बोलणे. ‘आपली गोळी वेळेवर घ्या’ हा निरोप रुग्ण विसराळू आहे असे धरून चालतो आणि म्हणून खऱ्या कारणाला स्पर्शच करत नाही. उलट ‘काही अडचण आहे का’ या प्रश्नात कारण दवाखान्याकडे पोचण्याची वाट असते. शिवाय आपल्याकडे डॉक्टरांसमोर बसून ‘मी गोळ्या सोडल्या’ असे म्हणण्याचा संकोच फार मोठा आहे. समोर रागावतील ही भीती असते. फोनवर, तेही सिस्टरशी बोलताना, तो संकोच पुष्कळ कमी होतो.

महाराष्ट्रातला सर्वांत शिकवणारा दाखला मुंबईचा आहे. डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ मध्ये स्थापन केलेल्या ‘अरमान’ या संस्थेने २०१४ पासून ‘एम-मित्र’ हा उपक्रम चालवला. गरोदर महिलेची नोंदणी झाली की तिच्या महिन्याप्रमाणे, तिच्या भाषेत, तिने सांगितलेल्या वेळी आवाजातले निरोप फोनवर येतात, बाळ वर्षाचे होईपर्यंत. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही ते ऐकता येतात आणि साधा फोन पुरतो, हे या रचनेतले शहाणपण. केंद्र सरकारचा ‘किलकारी’ हा उपक्रम याच धर्तीचा, आणि २०२४ मध्ये तो महाराष्ट्रातही सुरू झाला. पण एकतर्फी आवाजाची मर्यादा इथेही दिसते. मध्य प्रदेशात किलकारीची शास्त्रशुद्ध चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. बाळाला फक्त अंगावरचे दूध पाजण्याच्या प्रमाणात फरक पडला नव्हता, कुटुंबनियोजनाची साधने वापरण्यात थोडी वाढ झाली होती. लाखो घरांत पोचणाऱ्या स्वस्त उपक्रमाने थोडी वाढ घडवणे हेही कमी नाही, म्हणून मी किलकारीला निरुपयोगी म्हणणार नाही. एम-मित्रला आणखी एक अडचण आली: काही महिन्यांनी बऱ्याच महिला कॉल ऐकेनाशा होत. सगळ्यांना फोन करून विचारपूस करण्याइतकी माणसे संस्थेकडे नव्हती. तेव्हा गूगलच्या संशोधकांच्या मदतीने कृत्रिम बुद्धिमत्तेची एक पद्धत बसवली गेली. कोणती महिला ऐकणे सोडण्याच्या बेतात आहे आणि कोणाला माणसाने फोन केला तर ती पुन्हा ऐकू लागेल, याचा अंदाज ती पद्धत दर आठवड्याला बांधते. सुमारे २३ हजार महिलांवरच्या चाचणीत ही गळती जवळपास ३० टक्क्यांनी घटली. इथे यंत्राने रुग्णाशी बोलण्याचे काम हाती घेतले नाही. माणसाचा अपुरा वेळ कोणावर खर्चावा, एवढेच त्याने सुचवले. आरोग्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचा इतका समंजस वापर फार थोड्या ठिकाणी दिसतो.

क्षयाच्या बाबतीत आपण वेगळी वाट चोखाळली आणि तिच्यातून शिकायचे ते शिकलो नाही, असे मला वाटते. ‘९९ डॉट्स’ या पद्धतीत गोळ्यांचे पाकीट खास कागदात बांधलेले असते. गोळी दाबून काढली की खालचा फोन क्रमांक दिसतो आणि रुग्णाने त्यावर फुकट कॉल द्यायचा. कॉल आला म्हणजे गोळी घेतली अशी नोंद होते. कल्पना चतुर आणि खर्च नगण्य. पण पडताळणी करणाऱ्या संशोधकांनी अचानक घरी जाऊन लघवीत औषधाचा अंश तपासला, तेव्हा कॉलची नोंद आणि प्रत्यक्ष गोळी यांचा मेळ बऱ्याच ठिकाणी बसला नाही. कोणी गोळी घेऊन कॉल देत नव्हते, कोणी कॉल देऊन गोळी घेत नव्हते. ही साधी तांत्रिक चूक म्हणून सोडून देण्यासारखी नाही. रुग्णाला जेव्हा कळते की फोनच्या पलीकडे आपल्यावर पाळत ठेवणारे यंत्र आहे, विचारपूस करणारे कोणी नाही, तेव्हा कॉल देणे हे निव्वळ एक हजेरी होते. त्यात क्षयाचा कलंक मिसळलेला. घरात एकच फोन, तो सुनेच्या नव्हे तर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या हातात, आणि त्यावर क्षय कार्यक्रमाचा निरोप. असा निरोप त्या सुनेचे आयुष्य अवघड करू शकतो. सहा महिन्यांचा उपचार अर्ध्यावर सुटला तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि मग उपचार लांबतो, त्रास वाढतो. म्हणून इथे हजेरीपेक्षा हाक महत्त्वाची.

याउलट ज्या ठिकाणी यंत्राच्या मागे माणूस ठेवला गेला, तिथे चित्र वेगळे आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे पहिल्या टप्प्यात होते. त्यात वापरलेल्या ‘सिंपल’ नावाच्या अॅपमध्ये रुग्णाला काहीच करायचे नसते. त्याला क्यूआर कोड असलेले एक कार्ड मिळते. सिस्टर ते स्कॅन करते, बीपीचा आकडा भरते आणि अर्ध्या मिनिटाच्या आत नोंद पुरी होते. महिना उलटून जे आले नाहीत, त्यांची यादी अॅप आपोआप तयार करते, आणि त्या यादीवरून सिस्टर फोन लावते. स्मार्टफोन नसलेला शेतमजूरही या व्यवस्थेत येतो, कारण स्मार्टफोन सिस्टरकडे असला की भागते. ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेचेही तसेच. कोरोनाकाळात घरबसल्या सल्ला म्हणून ती गाजली, पण फेब्रुवारी २०२३ मध्ये तिने दहा कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला तो मुख्यतः आरोग्य उपकेंद्रांच्या जोरावर. तिथे रुग्णाच्या शेजारी समुदाय आरोग्य अधिकारी बसलेला असतो. तो डॉक्टरांना तक्रार नीट सांगतो आणि डॉक्टरांचे बोलणे रुग्णाला गावच्या बोलीत उलगडून सांगतो. लाभार्थ्यांत निम्म्याहून अधिक महिला होत्या, हे या शेजारच्या माणसामुळे शक्य झाले असावे, असा माझा तर्क आहे.

यावर पहिला आक्षेप दवाखान्यातूनच येईल आणि तो रास्त आहे: आधीच माणसे कमी, त्यात हे फोन कोण करणार? हिशेब मांडून पाहू. समजा कॅन्टोन्मेंट रुग्णालयाने मधुमेह आणि रक्तदाबाचे ६०० रुग्ण निवडले आणि दर सोमवारी त्यांना एकच प्रश्न पाठवला. दहांतल्या एकाने अडचण कळवली असे धरले तर आठवड्याला साठ फोन, म्हणजे कामाच्या दिवशी दहा. पाच मिनिटांचा एक फोन धरला तर रोजची पन्नास मिनिटे. उत्तर न देणारे बरेच असतील आणि त्या सर्वांना फोन करणे जमणार नाही. म्हणून सलग तीन आठवडे गप्प असलेले आणि औषध न्यायला न आलेले, एवढ्यांनाच करावा. हे काम एका सिस्टरच्या ड्यूटीत लिहून द्यावे लागेल, तिच्या इतर कामांतून तेवढा वेळ कापावा लागेल. ‘वेळ मिळेल तेव्हा करा’ म्हटले की ते काम होत नाही. दुसऱ्या बाजूला, फोनवरच निपटलेली तक्रार ओपीडीतली एक फेरी वाचवते. नानेगावहून रिक्षाने येऊन फक्त ‘ही गोळी जेवणाआधी की नंतर’ विचारणाऱ्या माणसाचा अर्धा दिवस आणि रोजगार वाचतो. एवढा लाभ दिसत असताना पन्नास मिनिटे काढणे अशक्य म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप विषमतेचा आहे आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५४ टक्के महिलांकडे स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या महिला ३३ टक्के होत्या आणि पुरुष ५७ टक्के. ही दरी विसरून आखलेली व्यवस्था काय करते, ते कोरोना लसीच्या नोंदणीच्या कोविन पोर्टलने दाखवले. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटाला लस खुली झाली, पण ऑनलाइन नोंदणी सक्तीची होती आणि पोर्टल तोवर इंग्रजीत होते. मराठीसह भारतीय भाषा आल्या त्या जूनच्या सुरुवातीला. सर्वोच्च न्यायालयाला या डिजिटल दरीवर मे महिन्यात बोट ठेवावे लागले. त्या काही आठवड्यांत स्लॉट पटकावण्याची चढाओढ बोटांच्या वेगावर आणि इंग्रजीवर ठरली. यातून निघणारा धडा डिजिटल साधने सोडून देण्याचा नाही. ज्याच्याकडे सर्वांत साधा फोन आहे त्याला धरून रचना करावी: आवाज, मिस्ड कॉल, रुग्णाने सांगितलेली भाषा आणि वेळ. ज्याच्याकडे तोही नाही, त्याचे नाव यादीत वेगळ्या खुणेने असावे आणि त्याच्याकडे आशाताईंनी जावे. साधन नसलेला रुग्ण यादीतच दिसत नाही, तेव्हा खरे नुकसान होते.

गुप्ततेबाबत थोडक्यात, पण ठामपणे. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी डॉक्टरांना फोन, व्हिडिओ आणि चॅटवर सल्ला देण्याची मुभा दिली, त्याच वेळी नोंदी ठेवण्याची आणि रुग्णाची गुप्तता जपण्याची जबाबदारीही टाकली. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. तरी रिपोर्टचे फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतात आणि कोणाला त्यात वावगे वाटत नाही. लष्करी वस्तीत तर ही सवय अधिक घातक, कारण एखाद्या जवानाच्या मानसिक आजाराची बातमी युनिटमध्ये पसरली तर पुढचे दहाजण मदत मागायलाच जाणार नाहीत. केनियातल्या त्या निरोपात आजाराचे नावही नव्हते, ही गोष्ट इथे उपयोगी पडते. ‘दवाखान्यातून विचारत आहोत, सगळे ठीक?’ एवढा निरोप कोणी वाचला तरी काही उघड होत नाही. नोंदणीच्या वेळी ‘हा फोन कोणाकोणाच्या हातात असतो’ असे विचारले, तर पुढचे पुष्कळ त्रास टळतील.

शेवटचा आक्षेप नव्या उत्साहाचा: आता यंत्रच अस्खलित मराठीत उत्तरे देते, मग सिस्टर कशाला? ठरावीक प्रश्नांना यंत्राने उत्तर द्यावे, याला माझा विरोध नाही. दवाखाना किती वाजता उघडतो, रक्त उपाशीपोटी द्यायचे का, हे रात्री अकराला यंत्राने सांगितले तर चांगलेच. पण ‘पाय सुजलाय’ या दोन शब्दांमागे गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब असू शकतो किंवा दिवसभर उभे राहण्याचा शीणही असू शकतो. त्यातला फरक ओळखायला प्रतिप्रश्न लागतात, आवाजातली घाबरगुंडी ऐकू यावी लागते आणि चुकल्यास जबाबदार धरता येईल असे कोणी लागते. यंत्राने निरोप चाळावेत, तातडीचे वर काढावेत, भाषांतर करून द्यावे. देवळालीसारख्या बहुभाषिक वस्तीत तमिळ बोलणाऱ्या जवानपत्नीचा व्हॉइस नोट मराठी सिस्टरला कळणे, हा या तंत्राचा फार मोठा उपयोग ठरेल. निर्णय आणि परतीचा फोन मात्र माणसाकडे राहावा.

हे सुरू करायला देवळालीइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. वस्ती आटोपशीर आहे, बोर्डाचे स्वतःचे रुग्णालय आहे, शेजारी शिस्तबद्ध लष्करी आरोग्यसेवा आहे, आणि बदली होऊन जाणाऱ्या कुटुंबांमुळे नोंदी पुढे पाठवण्याची निकड रोजची आहे. पहिल्या वर्षी दोनच गट घ्यावेत: क्षयाचे रुग्ण आणि गरोदर महिला. दोन्हींत मुदत ठरलेली असते, धोका मोठा असतो आणि परिणाम मोजता येतो. बदलीवर निघालेल्या कुटुंबाला आभावरच्या नोंदींसोबत पुढच्या गावच्या दवाखान्याचा क्रमांक मिळावा आणि तिथल्या सिस्टरला आधीच एक फोन जावा. आणि यश मोजताना किती हजार निरोप पाठवले हा आकडा अहवालातून काढून टाकावा. बोर्डाच्या बैठकीसमोर दर महिन्याला तीन आकडे ठेवले तर पुरेत: किती रुग्णांनी अडचण कळवली, त्यांतल्या किती जणांना दोन दिवसांत फोन गेला, आणि जे गप्प राहिले त्यांच्यापैकी किती जणांच्या घरी कोणी जाऊन आले.